साल फेकू नका: मोसंबीच्या गावातून मार्टिनी

मोसंबीचा सगळ्यात मोलाचा भाग आपण उकिरड्यावर टाकतो. रस पिऊन होतो, चोथा जनावरांपुढे जातो आणि साल कचऱ्यात. पण मोसंबी सोलल्यावर बोटांना जो वास दिवसभर राहतो, तो रसाचा नसतो. सालीवर जे बारीक टिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या असतात आणि वास त्यांच्यात असतो. साल दुमडून दिव्याच्या ज्योतीसमोर दाबली की तडतड ठिणग्या उडतात, हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पेटतं ते हेच तेल. ते पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात मात्र काही तासांत उतरतं. फोडणीत तेल जसं मोहरी-हिंगाचा वास ओढून घेतं, तसंच हे. घरच्या घरी वेगवेगळ्या चवींची मार्टिनी करायची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. बाजारातलं रंगीत सिरप ओतून ती येत नाही.

मी तीर्थपुरीची. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव. ऊस आणि मोसंबी या दोन पिकांवर आमच्या भागाचा संसार चालतो. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला मी छत्रपती संभाजीनगरला गेले, मग पुण्यातल्या एका हॉटेलात बारमागे काही वर्षं काम केलं आणि आता घरची बाग पाहते. हॉटेलात मला एक गोष्ट रोज खटकायची. बारच्या फळीवर परदेशी ‘ऑरेंज’ सिरपच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या आणि मागच्या दारानं मोसंबीच्या साली पोत्यानं बाहेर जायच्या. त्यातली बरीच मोसंबी आमच्याच मराठवाड्याची असायची.

मार्टिनी म्हणजे नेमकं काय

सिनेमातला तो तिरक्या कडांचा उंच दांड्याचा ग्लास आणि त्यात बुडालेलं हिरवं ऑलिव्ह सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आत काय असतं, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. मूळ मार्टिनीत दोनच वस्तू असतात. एक जिन आणि दुसरी ड्राय व्हरमूथ. जिन म्हणजे ज्युनिपरच्या फळांचा, धण्यांचा, लिंबूवर्गीय सालींचा स्वाद उतरवलेलं मद्य. ज्युनिपर आपल्याला अगदीच परका नाही. हिमालयात तो उगवतो आणि आयुर्वेदात हपुषा म्हणून ओळखला जातो. व्हरमूथ ही वनस्पतींच्या स्वादाची, थोडं मद्य घालून कडक केलेली वाइन. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणानुसार ६० मिली जिनला १० मिली ड्राय व्हरमूथ घ्यायचं, बर्फात ढवळायचं, गाळायचं आणि वर लिंबाची साल पिळायची किंवा ऑलिव्ह टाकायचं. संपली कृती.

हे पेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत घडलं. १८८४ साली ओ. एच. बायरन यांच्या पुस्तकात ‘मार्टिनेझ’ नावाचं त्याचं जवळचं भावंड छापलं गेलं आणि १८८८ साली हॅरी जॉन्सन यांच्या पुस्तकात ‘मार्टिनी’ आली. त्या काळातल्या मार्टिनीत गोड जिन, गोड व्हरमूथ, साखरेचा पाक आणि कडू अर्काचे थेंब असत. कोरडी, पारदर्शक मार्टिनी ही पुढची गोष्ट. म्हणून “फळाची चव घातली की ती मार्टिनी राहत नाही” असं कुणी म्हणालं, तर मला ते पटत नाही. हे पेय जन्मापासून बदलत आलं आहे. इयन फ्लेमिंग यांनी १९५३ च्या ‘कसिनो रोयाल’ कादंबरीत जेम्स बाँडच्या तोंडी जिन आणि व्होडका एकत्र करणारी कृती घातली. १९८० च्या दशकात लंडनच्या डिक ब्रॅडसेल यांनी व्होडकात ताजी कडक कॉफी घालून आज जगभर चालणारी एस्प्रेसो मार्टिनी घडवली. १९९० च्या दशकात सफरचंदाची आणि लिचीची मार्टिनी आली. त्याच दशकात लंडनमध्ये साल्वातोरे कालाब्रेसे यांनी संत्र्याच्या मार्मालेडचा चमचा ग्लासात घालून ‘ब्रेकफास्ट मार्टिनी’ केली. मोसंबीच्या गावात राहणाऱ्या मला ही शेवटची कृती सगळ्यात जवळची वाटते.

या पेयाला तीन शिस्ती आहेत. ते खूप थंड हवं, छोटं हवं आणि त्यात लपवाछपवी नको. सोडा नाही, ग्लासभर बर्फ नाही, त्यामुळे वाईट घटक लगेच उघडा पडतो. चांगली साल घातली, तर तीही तितकीच उठून दिसते.

घरातली भांडी आणि बर्फ

खास सामान लागत नाही. ढवळायला स्टीलचा मोठा लोटा आणि लांब दांड्याचा चमचा, हलवायला घट्ट झाकणाची स्टीलची बाटली, गाळायला चहाची गाळणी आणि मोजायला औषधाबरोबर येणारं मिलीच्या खुणांचं छोटं माप पुरतं. अंदाजपंचे ओतू नये. इतक्या छोट्या पेयात पाच मिलीनंही चव हलते. ग्लास मार्टिनीचाच हवा असं नाही. काचेचा कुठलाही छोटा ग्लास चालेल, पण तो अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेला असावा.

जिनची बाटलीही फ्रीजरमध्ये ठेवता येते. भारतात मिळणारी बहुतेक जिन ४२.८ टक्के मद्यार्काची असते आणि घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांना ती गोठत नाही, नुसती दाट होते. पण मग बर्फात ढवळायचं कशाला, असा प्रश्न येतो. बर्फ थंडावा देतो तसं पाणीही देतो. साधारण अर्धा मिनिट ढवळलं की मूळ पेयाच्या पाव भागापर्यंत पाणी त्यात मिसळतं. त्या पाण्यानं मद्याची धग उतरते आणि वास मोकळा होतो. फ्रीजरमधली जिन असेल तर बर्फ कमी वितळतो, म्हणून त्यात चमचाभर गार पाणी मुद्दाम घालावं.

बर्फ घरीच करावा, उकळून गार केलेल्या पाण्याचा आणि मोठ्या खड्यांचा. छोटे तुकडे पटकन वितळतात आणि पेय पाणचट होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा आदल्या रात्रीच डबा भरून ठेवावा लागतो. बाजारातल्या लादीच्या बर्फाच्या वाटेला जाऊ नये. मासळी आणि माल टिकवण्यासाठी केलेला तो बर्फ खाण्याचा नसतो. ओळखू यावा म्हणून अशा बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला आहे.

ढवळायचं की हलवायचं, याचा नियम सोपा आहे. नुसतं मद्य आणि वाइन असेल तर ढवळा, पेय नितळ राहतं. फळाचा रस, मुरंबा किंवा कॉफी असेल तर बाटलीत घालून जोरात हलवा. त्याशिवाय ते एकजीव होत नाही.

देवाचा दवणा, वाइनच्या बाटलीत

ड्राय व्हरमूथ जालन्यासारख्या ठिकाणी सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी अख्ख्या बाटलीचं काय करायचं हा प्रश्न उरतो. उघडलेलं व्हरमूथ शेवटी वाइनच असते. ते फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन महिन्यांत संपवावं लागतं. म्हणून मी ते घरीच जमवते.

व्हरमूथचा कणा असलेली कडू वनस्पती म्हणजे वर्मवूड, आर्टेमिसिया अॅब्सिन्थियम. आपला दवणा आहे आर्टेमिसिया पॅलेन्स, म्हणजे त्याच कुळातला. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच, फुलांच्या गजऱ्यात आणि हारात गुंफतात तोच. त्याच्या तेलाचा उपयोग अत्तरांत होतो तसा खाद्यपदार्थांच्या स्वादातही होतो. त्याचा वास फळासारखा गोडसर आणि मागून किंचित कडवट असतो. मोसंबीच्या सालीशी त्याचं इतकं जमतं, की मला व्हरमूथची बाटली नसल्याची खंत उरलेली नाही.

माझी रीत अशी. ४० मिली जिनमध्ये बोटभर लांबीची दवण्याची एक काडी, अर्धा चमचा भरडलेले धणे, मोसंबीच्या सालीच्या दोन पट्ट्या आणि काडेचिराइताचा नखाएवढा तुकडा रात्रभर भिजत ठेवायचा. काडेचिराईत फारच कडू, म्हणून तो नखाएवढाच. सकाळी गाळून ही जिन २०० मिली कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये मिसळायची आणि चमचाभर खडीसाखरेची पूड विरघळवायची. वाइन नाशिकची शनां ब्लां किंवा सोविन्यों ब्लां चालते. नाशिकमध्ये १९९९ साली सुला वायनयार्ड्स सुरू झाली, त्यानंतर तिकडे वायनरी वाढत गेल्या आणि अशा वाइन आता महाराष्ट्रभर मिळतात. हिशेब केला तर या मिश्रणात साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क येतो आणि बाजारातली बरीचशी व्हरमूथही याच पट्ट्यात असतात. बाटली फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायची.

मोसंबी: साल आधी, रस नंतर

आता मुख्य फळाकडे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबड आणि घनसावंगी हे तिचे जुने पट्टे, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यानं या भागाच्या शेतीला आधार दिला. पण हे झाड पाण्याच्या भरवशावरच जगतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. टँकरनं पाणी घालून ज्यांनी झाडं जगवली त्यांना फळाची किंमत विचारा. हिवाळ्यात बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत फूल घ्यायचं आणि पावसाळा सरताना फळ उतरवायचं हा आंबे बहार. पावसाळ्याच्या तोंडी फूल घेऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीला फळ येतं तो मृग बहार. दोन्हींची साल मी वेगवेगळी वापरते. हिरवट सालीचा वास झणझणीत असतो, पिवळी झालेली साल गोडसर लागते.

साल घेण्याआधी फळ कोमट पाण्यात, चिमूटभर खायचा सोडा घालून, हातानं चोळून धुवा. फवारणीचा अंश आणि चकाकीसाठी लावलेलं मेण सालीवरच असतं. मग पीलरनं फक्त वरचा रंगीत थर काढा. त्याखालचा पांढरा गर कडू असतो आणि मद्यार्क तो कडूपणाही तितक्याच आवडीनं ओढतो. एका मोसंबीची साल २०० मिली जिनमध्ये काचेच्या बरणीत टाका. सहा तासांनी चाखा, बारा तासांनी पुन्हा चाखा आणि दिवस उलटायच्या आत साल काढून घ्या. जिनला फिकट पिवळसर रंग येतो. ती बर्फात ढवळताना किंचित गढुळली तर घाबरू नका. मद्यात विरघळलेलं तेल पाणी मिसळताच बारीक थेंबांच्या रूपानं वेगळं होतं, त्याची ती खूण आहे. तेल भरपूर उतरलं असा त्याचा अर्थ.

मोसंबी-दवणा मार्टिनी: सालीची जिन ४५ मिली, दवण्याची वाइन १५ मिली. लोट्यात बर्फावर अर्धा मिनिट ढवळा, गार ग्लासात गाळा. ताज्या सालीचा रुपयाएवढा तुकडा घ्या, रंगीत बाजू पेयाकडे करून चिमटीत दाबा. तेलाचा बारीक फवारा पेयाच्या पृष्ठभागावर बसतो. तोच तुकडा ग्लासाच्या कडेवरून फिरवा. पहिल्या घोटाआधी नाकाला जे मिळतं, ते या फवाऱ्याचं देणं.

रसाची मार्टिनी करायची असेल, तर मोसंबीचे दोन स्वभाव माहीत हवेत. पहिला, तिच्यात आंबटपणा फार कमी असतो. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल सुमारे सहा टक्के असतं, मोसंबीत ते एक टक्क्याच्याही आत. म्हणून नुसत्या मोसंबीच्या रसाचं कॉकटेल मिळमिळीत लागतं आणि त्याला लिंबाची जोड द्यावीच लागते. दुसरा, तिचा रस ठेवला की कडू होतो. ज्यूसवाला ऑर्डर आल्यावरच पिळतो, याचं कारण हेच. फळाच्या पडद्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. रसातल्या आम्लात ते हळूहळू बदलून लिमोनिन तयार होतं आणि ते कडू असतं. त्यासाठी फळ हलक्या हातानं पिळा, मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका आणि रस काढल्यावर लगेच वापरा. पाहुण्यांसाठी सकाळीच रस काढून ठेवला, तर संध्याकाळी तो कामाचा राहत नाही.

मोसंबी-रस मार्टिनी: जिन किंवा व्होडका ४५ मिली, ताजा मोसंबीचा रस ३० मिली, लिंबाचा रस १० मिली, साखरेचा पाक १० मिली. बर्फासह बाटलीत जोरात हलवा आणि दुहेरी गाळा.

मुरंब्याची मार्टिनी: मोसंबीची साल बारीक चिरून उकळा आणि ते पाणी फेका, म्हणजे कडूपणा उतरतो. मग साल, मोसंबीचा रस आणि तितक्याच वजनाची साखर एकत्र शिजवा. मोसंबीत आम्ल कमी, त्यामुळे लिंबाचा रस सढळ घाला, नाहीतर मुरंबा घट्ट बसत नाही. हा मुरंबा फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकतो आणि पोळीबरोबरही खाता येतो. ४५ मिली जिन, २० मिली लिंबाचा रस आणि भरलेला चमचाभर मुरंबा आधी चमच्यानं ढवळून एकत्र करा, मग बर्फ घालून हलवा. कालाब्रेसे यांच्या कृतीत संत्र्याचं लिकर असतं. मोसंबीच्या सालीची जिन वापरली, तर त्या महागड्या बाटलीवाचून अडत नाही.

कोकम, कैरी, गवती चहा

मोसंबी नसते त्या महिन्यांतही स्वयंपाकघर रिकामं नसतं. ‘डर्टी मार्टिनी’ नावाच्या प्रकारात ऑलिव्हच्या बरणीतलं खारट पाणी घालतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे, कोकणातलं आगळ. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाचा मीठ घातलेला दाट रस. ६० मिली जिनला ५ मिली आगळ पुरतं. खारट, आंबट आणि गर्द लाल. साखरेचा पाक घातलेलं कोकम सरबत इथं चालत नाही, त्यानं ते गोड सरबतच होतं. ऑलिव्हच्या जागी खारातल्या कैरीची फोड किंवा खारवलेलं करवंद टाकावं.

उन्हाळ्यात कैरी भाजून तिचा बिनसाखरेचा गर काढा. २० मिली गर, ४५ मिली जिन, १५ मिली गुळाचा पाक आणि बोटांच्या चिमटीत मावेल इतकी भाजलेल्या जिऱ्याची पूड हलवून गाळा. पन्ह्यात वेलची-केशर घालतात, पण जिनमधल्या ज्युनिपरशी जिऱ्याचं अधिक जुळतं. परसातल्या गवती चहाची पात ठेचून जिनमध्ये चार तास ठेवली, की ओल्या मातीतल्या पानांचा हिरवा वास येतो. अशा पानांना जास्त वेळ देऊ नये. साल दिवसभर तग धरते, पण पानं काही तासांतच गवताळ चव सोडायला लागतात. कोरडे मसाले याहून उतावळे. लवंग आणि दालचिनी तासाभरात सगळ्यावर स्वार होतात.

दूध, साय, सीताफळाचा गर असं दाट काही या ग्लासात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. मार्टिनीचा जीव तिच्या नितळपणात आहे.

बिनदारूचा ग्लास

आमच्या घरात माळकरी माणसं आहेत. त्यांच्यासाठी मी जे करते, ते मला वरच्या सगळ्या कृतींइतकंच महत्त्वाचं वाटतं. सालीतलं तेल पाण्यात उतरत नाही हे खरं, पण साखर ते ओढते. युरोपात पंच करणारे ही युक्ती पूर्वीपासून वापरत आले आहेत. दोन मोसंब्यांची रंगीत साल अर्धी वाटी साखरेत चुरगाळून ठेवा. तीन-चार तासांत साखर ओलसर होऊन तळाशी सुगंधी पाक सुटतो. त्यात लिंबाचा रस घालून उरलेली साखर विरघळवा आणि गाळून घ्या.

दुसऱ्या भांड्यात कपभर पाण्यात एक चमचा भरडलेले धणे आणि काडेचिराइताचा नखाएवढा तुकडा दोन मिनिटं उकळा. गॅस बंद करून दवण्याची छोटी काडी त्यात बुडवून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गाळा आणि गार करा. आता ४५ मिली हा काढा, ३० मिली ताजा मोसंबीचा रस आणि १५ मिली सालीचा पाक बर्फात हलवून त्याच गार, छोट्या ग्लासात गाळा आणि वर साल पिळा. कडू, आंबट, गोड आणि सुगंधी अशा चारही बाजू त्यात असतात, म्हणून ते पेय सरबतासारखं घटाघट संपत नाही. घोट-घोट प्यावं लागतं. माझी आजी तेच तेवढं पिते आणि साल पिळल्याशिवाय ग्लास हातात घेत नाही. दवणा औषधी वनस्पतींतला आहे, तेव्हा गरोदर बायकांना मात्र दवणा आणि काडेचिराईत दोन्ही वगळून द्यावं.

मर्यादा

मराठवाड्यातल्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही दारूनं केलेलं नुकसान पुस्तकातून शिकावं लागत नाही. महाराष्ट्रात गावोगाव बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली आहे, दुकानं बंद पाडली आहेत. त्या बायकांचा राग मला मान्य आहे आणि हा लेख लिहिताना तो माझ्यासमोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. ६० मिली जिनच्या मार्टिनीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मी वर जिनचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ४५ मिलीवर आणलं, त्याचं कारण हे आहे. जो पीत नाही, त्यानं या लेखामुळे सुरू करू नये. जो पितो, त्यानं एका ग्लासावर थांबावं, वर जेवावं आणि गाडीला हात लावू नये.

कायदाही माहीत हवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, जिन-व्होडकासारख्या कडक मद्यासाठी २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. घरी स्वाद उतरवायचा तो परवानाधारक दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीतच. भट्टी लावणं गुन्हा तर आहेच, शिवाय जीवावर बेतणारं आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. ते डोळ्यांनी किंवा जिभेनं ओळखता येत नाही. स्वस्त म्हणून सुटी दारू आणून तिच्यात साल घातली, तर साल तिला शुद्ध करत नाही.

तुमच्या गावची चव

ही प्रमाणं माझ्या बागेतल्या मोसंबीला बसवलेली आहेत. तुमचं फळ वेगळं असेल, तेव्हा प्रमाण तुम्हाला बसवावं लागेल, आणि त्याची पद्धत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज साल सहा तास ठेवली असेल तर पुढच्या वेळी बारा तास ठेवा, बाकी सगळं तसंच. चाखण्यापुरतं १० मिली करा, अख्खा ग्लास करायची गरज नाही. वहीत फळाचं नाव, महिना, वेळ आणि चव लिहा. नागपूरकडे संत्र्याची साल आहे, तिचं तेल मोसंबीहून गोड. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आहे. तिला साल नाही, पण साखरेत मुरवली की सुंदर पाक सोडते. गोव्यात २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली काजू फेणी आहे. तिचा वास एवढा बलवान असतो, की तिच्यासमोर नाजूक पान टिकत नाही, लिंबाची साल आणि मीठच लागतं.

बाजार मोसंबीला किलोवर मोजतो. व्यापारी बाग उक्ती घेतो, फळगळ झाली की शेतकऱ्याच्या पदरी उकिरड्याची भर पडते, आणि त्या पडलेल्या फळाचीही साल सुगंधी असते, हे कुणी बघत नाही. सालीचं तेल, मुरंबा, साखरेत मुरवलेला पाक हे उद्योग बचत गटाच्या आवाक्यातले आहेत, त्यांना दारूचा परवानाही लागत नाही. मार्टिनीनं मला सालीची किंमत शिकवली. मोसंबी पिकवणाऱ्या माणसाच्या हाती त्या किमतीतलं काही पडावं, असं मला मनापासून वाटतं. त्याची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून, एका पीलरनं आणि एका स्वच्छ बरणीनं करता येते.